ज्यानं लावलं, त्यानंच काढायचं

माझी सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजघरात फिटर म्हणून गेली. नवससायास, गंडेदोरे आमच्या घरात नव्हते, मीही कधी मानले नाहीत. जन्मभर मी एकच गोष्ट पाळली, ती म्हणजे लाल कार्ड.

पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा, वरच्या कडेला भोक, भोकात तार. वर छापलेलं असे, 'काम चालू आहे. मशीन चालू करू नये.' त्याखाली नाव आणि वेळ लिहायला दोन रेघा, आणि सगळ्यात खाली 'काम पूर्ण' असं छापून पुढं सहीला जागा. एखादा पंप दुरुस्तीला उघडायचा तर आत हात घालण्याआधी फिटरनं त्याच्या स्विचवर आपलं कार्ड लटकवायचं. कार्ड आहे तोवर त्या स्विचला कोणी बोट लावायचं नाही. आणि काम झालं की ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. फोरमननं नाही, मोठ्या साहेबानंही नाही.

माझा एक जोडीदार होता, सिन्नरकडचा. एकदा पंपाचं काम उरकून तो घाईघाईनं घरी पळाला, चुलतभावाचं लग्न होतं. कार्ड तसंच स्विचवर राहिलं. पंप तयार आहे हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं, साहेब येरझाऱ्या घालत होते, पण कार्डाला हात कोण लावणार? शेवटी सिन्नरला जीप गेली आणि पंगतीतून त्याला उचलून आणलं. डोक्याला फेटा, बोटं बुंदीनं चिकट. त्यानं कार्ड काढलं, सही केली आणि पंप सुरू झाला. पुढं कित्येक वर्षं आम्ही फेट्यावरून त्याची टर उडवली. पण वाट बघत बसलो ते चुकलं, असं एकजणही म्हणाला नाही. ज्याचा हात मशीनच्या आत असतो तो माणूस बाहेरून दिसत नाही, हे आम्हां प्रत्येकाला ठाऊक होतं.

हे आधी सांगितलं, कारण त्याशिवाय पुढं मी काय करून बसलो ते कळायचं नाही.

कॉलनीत आमचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं गॅलरी. गॅलरी मीच पत्रे मारून बंद केली होती. तिच्यात गव्हाची कोठी, रॉकेलचा डबा, कांद्याची पोती, माझी पंक्चर झालेली सायकल आणि एक अरुंद खाट. घरात माणसं तीन. मी, बायको आणि आमची एकुलती एक मुलगी.

पोर बोलकी. बोलकी म्हणजे किती, मी सकाळी दाढी करायला बसलो की ती समोर बसून पेपर वाचून दाखवायची, आणि बातमीपेक्षा तिची टीकाच जास्त असायची. मला तेव्हा जवळचं दिसेनासं झालं होतं. चाळिशी लागली होती, पण चष्मा घ्यायचा म्हणजे म्हातारपण कबूल करायचं. मी म्हणायचो, घरात वाचणारी आहे ना, मग मला चष्मा कशाला? ती म्हणायची, "पप्पा, मी सासरी गेल्यावर काय अंदाजानं वाचणार का?" मग मी तिला साबणाचा फेस लावायला धावायचो.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांतली. ती नववीत होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर केव्हातरी पोर बोलायची थांबली. कुठल्या दिवशी, ते मला सांगता येत नाही, आणि तीच गोष्ट मला अजून टोचते. पंपाचा आवाज एवढासा बदलला तरी मला शेजारच्या शेडमध्ये कळायचं. घरातला आवाज बंद झाला तो आठ-पंधरा दिवसांनी बायकोनं सांगितल्यावर कळला.

"अहो, पोरगी दोन घासांवर उठती. इचारलं तर काय नाय म्हणती."

मी विचारलं. "काय झालं?" "काही नाही." "कोणी काही बोललं?" "नाही." "मास्तर मारतात?" "नाही." "मग झालंय काय?" त्यावर ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. माझ्या नाकावर राग कायमचाच. मी ताट सरकवून उठलो, दोन-चार शब्द नको ते बोललो. गोडीनं विचारून झालं, ओरडून झालं, बायकोनं रडून झालं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळे बघितले आणि रक्तवाढीचं लाल टॉनिक दिलं. तेही ती मुकाट्यानं घ्यायची.

शाळेतून आली की ती गॅलरीत जायची. खाटेवर बसायची नाही. कोठी आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट होती, तिथं फरशीवर बसायची, कोठीला पाठ टेकून. एक दिवस मी पहिली पाळी करून घरी आलो तर गॅलरीच्या पडद्याशेजारी खिळ्याला लाल कार्ड. माझ्याच पिशवीतलं, कोपरे झिजलेलं. नावाच्या रेघेवर तिनं आपलं नाव लिहिलं होतं, वेळेच्या रेघेवर 'सात वाजता'. सकाळी की संध्याकाळी ते नाही.

आम्ही हसलो. बायको म्हणाली, "घ्या, बापावर गेली." कितीतरी दिवसांनी घरात हसायला काहीतरी मिळालं होतं. मी पडद्याबाहेर उभा राहून फोरमनच्या आवाजात विचारलं, "आत येऊ का?"

आतून आवाज आला, "काम चालू आहे."

त्या महिन्यात ती माझ्याशी एवढं एकच पूर्ण वाक्य बोलली असेल. मी कार्ड पाळलं. बायकोलाही सांगून ठेवलं, गहू काढायचे तर हाक मारून आत जात जा.

मार्चमध्ये शाळेतल्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावलं. हाताला ग्रीस तसंच घेऊन गेलो. बाई वयानं लहान होत्या, पण बोलायला शांत. म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. पण वर्गात असून नसल्यासारखी असते. घरी काही झालंय का?"

"घरी काय व्हायचंय?"

"घरात तिची स्वतःची अशी जागा आहे का हो?"

"आहे की. अभ्यासाला गॅलरी दिलीय."

"अभ्यासाला नाही. नुसतं बसायला. या वयात मुलांना चार हात जागा लागते, त्यांच्या मनासारखी. उजेड, वारा, थोडी नीटनेटकी. जागा ताजी झाली की मनही थोडं ताजं होतं. बघा, काही करता आलं तर."

परत येताना सायकलवर मी बाईंना मनातल्या मनात खूप बोलून घेतलं. आम्ही सात भावंडं एका खोलीत वाढलो, आणि त्याच खोलीत शेळी बांधलेली असायची. आम्हांला कोणी विचारलं होतं, तुझं मन ताजं आहे का म्हणून? पण नाशिकरोडचा पूल येईपर्यंत राग निवला. खरं सांगायचं तर बरं वाटायला लागलं. इतके महिने जो तो मला विचारत होता, पोरीला काय झालंय? मला हातानं करता येईल असं काही सांगणाऱ्या त्या पहिल्याच.

आमच्याकडं घराला रंग दिवाळीला नव्हे, बुद्धपौर्णिमेला. त्यामुळे मुहूर्तही आपोआप ठरला. परीक्षा संपली आणि मी मायलेकींना आठ दिवस हरसूलला पाठवून दिलं. बायकोचा भाऊ तिथल्या शाळेत मास्तर होता. डोंगरातली हवा, आठवड्याचा बाजार, पोरीला बदल होईल, असं सांगितलं. गॅलरीचं काही बोललो नाही. एकदम दाखवायचं होतं.

वीजघरात वर्षातून एकदा मशीन बंद ठेवून पुरतं उघडायचं, खरवडायचं, झिजलेलं टाकायचं, रंग मारून परत बसवायचं, अशी रीत होती. मला दुरुस्तीची तेवढी एकच पद्धत माहीत. त्या दिवशी पडद्याशी गेलो तर कार्ड खिळ्यावर होतं. एक क्षण थांबलो, खोटं कशाला सांगू. मग म्हटलं, आत कोणी नाही, घर माझं, पोर माझी, आणि करतोय ते तिच्यासाठीच ना? कार्ड काढून फळीवर टाकलं.

पोती बाहेर, सायकल बाहेर, रॉकेलचा डबा स्वयंपाकघरात. कोठी तिरपी करकरत बाहेर ओढली. मागं भिंतीवर खाली, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. वीत-दीड वीत जागेत बारीक अक्षरांच्या ओळी. मी उकिडवा बसलो, डोकं मागं घेतलं, डोळे बारीक केले. प्रत्येक ओळीची सुरुवात सारखी होती, म्हणून तेवढी लागली. 'आज पण'. त्यापुढची अक्षरं एकमेकांत मिसळून गेली होती. पुन्हा खाली 'आज पण', पुन्हा 'आज पण'.

शेजाऱ्यांकडं चष्मा होता. मागितला असता तर मिळाला असता. दिवा धरता आला असता. पण चुना कालवून ठेवला होता, ब्रश ठिबकत होता, आणि मला तर त्या घडीला चक्क राग आला. क्वार्टरच्या भिंती काय लिहायला दिल्यात का? शाळकरी पोरी काहीही लिहितात, असं म्हणून मी ब्रश फिरवला. पहिल्या हातात अक्षरं थोडी दिसत होती, म्हणून तिथं दुसरा हात दिला.

चुन्यावर हिरवा रंग मारला. रंगाच्या दुकानात माणसानं विचारलं, कुठला हिरवा? मला एकच हिरवा ठाऊक होता, पंपाचा. खोक्याच्या लाकडाचं टेबल केलं, फळ्या ठोकल्या, एक पत्रा काढून तिथं जाळीची खिडकी बसवली म्हणजे वीजघराच्या धुराड्यांची राख न येता वारा येईल. नळीचा दिवा लावला. नाशिकच्या मेन रोडवरून फुलाफुलांचा पडदा आणला. कोठी आता पुढच्या खोलीत, कोपऱ्यात. आठव्या दिवशी दारात उभा राहून बघितलं, तर मला स्वतःलाच तिथं जाऊन बसावंसं वाटलं.

त्या दोघी संध्याकाळच्या एसटीनं आल्या. बायको आधी आत गेली आणि "अगंबाई" म्हणून ओरडली. पोर उंबऱ्यात थांबली. तिनं टेबल बघितलं, खिडकी बघितली. मग कोठी होती त्या भिंतीकडं बघितलं, बराच वेळ. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. आता हसेल, निदान रंगावरून तरी मला बोलेल.

"कार्ड कुणी काढलं?"

"मी. अगं, पण टेबल बघ, खणसुद्धा..."

"पप्पा, तुम्ही?"

एवढंच. मागं वळून ती पुढच्या खोलीत गेली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

मी भडकलो. आठ दिवस घाम गाळला, सुट्ट्या घालवल्या, आणि हिला त्या पुठ्ठ्याचं पडलंय! हे असं मोठ्यानं म्हणालो, शेजारी ऐकू जाईल असं. ती हलली नाही. बायको म्हणाली, "गप बसा हो." मी गप बसलो, पण शरमेनं नाही, काय करावं ते सुचेना म्हणून.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला ते सांगवत नाही. घरात एक देखणी खोली आणि तिच्यात कोणी जाईना. मी रोज तिथली राख पुसायचो, कारण जाळीतूनही ती यायचीच. आठवड्यानं बायकोनं टेबलावर पापडांचे डबे मांडले. पोर पुढच्या खोलीत चटईवर पडून असायची. पूर्वी निदान गॅलरीत जाऊन बसायची, आता तीही जागा मी काढून घेतली होती. जेवण आणखी कमी झालं. हाक मारली तर ओ द्यायची, बस. एक दिवस माझ्या लक्षात आलं की रॉकेलचा डबा स्वयंपाकघरात नाही. बायकोनं तो आमच्या खाटेखाली अगदी भिंतीशी नेऊन ठेवला होता आणि पुढं ट्रंक सरकवली होती. का, ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी कामावर असलो की माझा जीव घरी आणि हात पंपात, अशी गत झाली. दोनदा बोल्ट उलटा आवळला.

जोडीदारानं ते बघितलं. तोच, फेटेवाला. डबा खाताना त्यानं विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. भिंतीवरचं सोडून. त्याचा घास हातातच राहिला.

"दुसऱ्याचं कार्ड काढलं तू?"

"अरे, पोरीचा खेळ तो."

"खेळ आसंल. पर नाव कोनाचं व्हतं त्याच्यावर?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"मंग आता परत लाव. आन् वाट बघ. तिचं ती काढंल. दुसरं काय हाय आपल्या हातात?"

घरी जाऊन फळीवरून कार्ड काढलं, पुसलं आणि त्याच खिळ्याला लटकवलं. पोरीजवळ जाऊन बसलो. माफी मागायची मला सवय नाही, तेव्हाही जमली नाही. म्हणालो, "कार्ड परत लावलंय. माझी चूक झाली. आत काय ठेवायचं, काय काढायचं, ते तू बघ. मी आत जाणार नाही." ती भिंतीकडंच बघत होती. ऐकलं की नाही, कळलं नाही.

वाट बघणं हे काम मला कधीच जमलं नाही. मशीन अडलं तर ठोकून बघता येतं, तेल सोडता येतं. इथं काहीच करायचं नव्हतं. पाळी संपली की मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचो. एका बाजूला पुढच्या खोलीत ती, दुसऱ्या बाजूला गॅलरीचा फुलाफुलांचा पडदा, मध्ये मी. शाळा सुरू झाली, दहावीचं वर्ष, ती गेली नाही. बाईंचा निरोप आला, मी पोर आजारी आहे म्हणून कळवलं. त्याच दिवसांत मेन रोडला जाऊन मुकाट्यानं चष्मा केला. पेपर स्वतः वाचायला लागलो. म्हणजे उघडून धरायला लागलो.

एका दुपारी घराच्या पायऱ्या चढताना आतून खसखस आवाज ऐकू आला. पॉलिश पेपर भिंतीवर घासल्याचा आवाज मला झोपेतही ओळखता येईल. बायको तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात उभी होती. "अहो, सगळा रंग घालवती वो ती," ती कुजबुजली.

"घालवू दे."

पडदा अर्धा सरकलेला होता. पोर फरशीवर बसून कोठीच्या जागेवरची भिंत घासत होती. पेपर माझ्याच पिशवीतला. हिरवा गेला, खाली पांढरा आला, पांढरा गेला, खाली क्वार्टरचा जुना पिवळा. ताटाएवढी जागा तिनं मोकळी केली. पेन्सिलीची एक रेघसुद्धा तिथं उरली नव्हती. मग पेपर ठेवून तिनं त्या जागेवर तळवा टेकला आणि तशीच बसून राहिली.

मी दोन पावलांवर होतो. सांगता आलं असतं, तिथं काही लिहिलेलं होतं ते मला माहीत आहे. पण पुढं काय सांगणार? बघितलं म्हणावं तर पोरीला लाज वाटेल. वाचलं नाही म्हणावं तर बापाला तेवढीही सवड नव्हती असा अर्थ होईल.  मध्ये कार्ड लटकत होतं. मी कार्डाच्या अलीकडं उभा राहिलो, एवढंच.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. हात चुन्यानं पांढरे. म्हणाली, "पप्पा, ती कोठी परत आत घ्यायला हात लावता?"

कोठी गव्हानं भरलेली होती. रिकामी करायची अक्कलही मला राहिली नाही. तशीच ओढत, ढकलत आत नेली आणि तिनं सांगितलं तिथं ठेवली. नंतर तीन दिवस कंबर धरून चालत होतो. बायको तेल चोळताना विचारायची, दुखतंय का? मी म्हणायचो, दुखू दे.

मग तिनं जे केलं ते कुठल्याही बाईंनी सांगितलं नसतं. माझं टेबल बाहेर काढलं. फळ्या ठेवल्या, दिवा ठेवला. फुलाफुलांचा पडदा उतरवून जुना, विटका लावला. पिठाची खळ करून माझ्या त्या हिरव्या भिंतींवर जुने पेपर चिकटवले, खालपासून वरपर्यंत. ताटाएवढी घासलेली जागा मात्र तशीच उघडी ठेवली. मला ती खोली रद्दीच्या दुकानासारखी वाटायची. पण पोर तिथं झोपायला लागली. मग तिथं ताट मागायला लागली. आणि आखाड संपता संपता एका सकाळी मी फेस लावून बसलो असताना पडद्याआडून आवाज आला, "लासलगावला कांदा गडगडला. मंत्रीमहोदय म्हणतात, काळजी नसावी. त्यांना काय, त्यांच्या घरी कुठं पोती आहेत?"

माझ्या हनुवटीला पातं लागलं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मी रक्त बघून रडतोय.

सगळं एकदम नीट झालं असं नाही. ती शाळेत जायला लागली, दहावी पास झाली, जेमतेम का होईना. मधूनमधून ते गप्पपण यायचं, चार-आठ दिवस राहून जायचं. त्या दिवसांत मी काही विचारायचो नाही. विचारायला मला कळतच नव्हतं, हे खरं कारण. कार्ड खिळ्यावर होतं, ते तिनं काढलं नाही आणि आम्ही कोणी हात लावला नाही. पुढं ती धुळ्याला नर्सिंग शिकायला गेली तरी गॅलरीत जाताना बायको सवयीनं हाक मारायची, "येऊ का गं?"

दशक संपत आलं तेव्हा आम्ही नाशिकरोडला स्वतःचं लहानसं घर बांधलं आणि क्वार्टर सोडायचं ठरवलं. नव्या घरात मागची खोली मी रंग न देता ठेवली. कुठला द्यायचा ते तिला विचारायचं होतं. सामान हललं. कॉलनीचा कारकून रिकामं क्वार्टर तपासून किल्ली घ्यायला आला. पेपरांनी मढवलेली गॅलरी बघून त्यानं कपाळाला हात लावला, मग म्हणाला, "काका, तेवढं कार्ड काढा आन् खिळा उपटा."

"कार्ड माझं नाही."

"मग कोणाचं?"

"मुलीचं. धुळ्याला असते. शनिवारी येईल."

तो हसला. मग जवळ जाऊन त्यानं कार्ड बघितलं, नाव वाचलं. वीजघरातलाच माणूस तो. "शनिवारी येतो मग," म्हणाला आणि गेला.

शनिवारी ती आली. उंच झाली होती, आवाजात शिकाऊ नर्सेसचा एक ठामपणा आला होता. रिकाम्या गॅलरीत ती एकटीच जरा वेळ उभी राहिली. कोठी नव्हती, त्यामुळे ती घासलेली जागा उघडीच दिसत होती. मी पडद्याच्या दांडीपाशी थांबलो. तिनं खिळ्यावरून कार्ड काढलं, माझ्या खिशातली पेन्सिल मागून घेतली, भिंतीवर टेकवून 'काम पूर्ण'पुढं सही केली आणि कार्ड माझ्या हातात दिलं.

"पप्पा, एक सांगू? तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. शेजाऱ्यांचा चष्मा आणून सगळं वाचलंत आणि वरून चुना फासलात म्हणून."

मी हातातलं कार्ड उलटं करून बघितलं.

"पण मग तुम्ही कार्ड परत लावलंत. एवढं सगळं वाचूनही एका शब्दानं कधी विचारलं नाहीत. आईलासुद्धा सांगितलं नाहीत. मला वाटायचं, चला, एका माणसाला तरी माहीत आहे, आणि तरी तो रोज आपल्यासाठी दारात बसतोय. त्याच्यावरच तगले मी."

मी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. खरं सांगितलं तर इतकी वर्षं ती ज्याच्यावर तगली तेच मी काढून घेणार होतो, आणि मी ते एकदा करून बसलो होतो. नाही सांगितलं तर मला कधीच कळणार नव्हतं. 'आज पण' काय? कोण बोललं नाही, कोण आलं नाही, काय झालं नाही? ज्याला सगळं माहीत आहे त्यानं विचारायचं कसं?

मी मान हलवली.

तिनं माझ्या दंडाला हलकंसं दाबलं आणि आईला हाक मारत बाहेर गेली. मी खिळा उपटला. कारकून आला, त्याला किल्ली दिली, कागदावर सही केली.

कार्ड माझ्याजवळ आहे. चष्मा लावला की स्वच्छ वाचता येतं. तिचं नाव, सात वाजता, काम पूर्ण, सही. काम कसलं होतं, ते मला आजही माहीत नाही.